दिवेलागणीची रिंग

धारूर
ता. २४ नोव्हेंबर २००४

शिवांजलीच्या आईस,

तू मस्कतला सुखरूप पोचलीस ही खबर मला समोरच्या मंजुळाबाईंनी दिली. नवरा मी, पासपोर्टासाठी खेटे घातले मी, विमानतळावर उभं राहून पायाचे तुकडे पडले माझे, आणि बातमी आधी मंजुळाबाईंना. मी दुकानाचं शटर वर करत होतो, तर त्या ओट्यावरून ओरडल्या, "भाऊ, वैनी पोचल्या बरं का! लेक लई वाळलीया म्हनत्यात." त्यांनी खाजामियाँच्या बूथवरून थेट तुझ्या मोबाइललाच फोन लावला होता.

चूक माझीच आहे. तुझ्यासोबत कोणतं कार्ड द्यावं यावर मी आणि खाजामियाँनी सारी दिवाळी खल केला. रेडिओ दुरुस्ती सोडून त्यानं एसटीडी बूथ टाकला आणि मोबाइलची कार्डं विकायला लागला, तेव्हापासून टेलिफोन खात्याचा मंत्री आपणच आहोत असं त्याला वाटतं. तो म्हणाला, "वैनी तिकडं उतरल्यावर कार्ड कुठं हुडकत बसतील? इथलंच कार्ड रोमिंग करून दे. नंबर बी तोच ऱ्हातो." मला ते पटलं. इतकं पटलं, की मी तो नंबर दुकानातल्या पाटीवर लिहिला. तांब्या-पितळेचा भाव लिहितो ना, त्याच्याही वर. येणारा फोन फुकट असतो हे गल्लीला अलीकडेच कळलंय. मग काय, भाव विचारायला येणारा प्रत्येक जण नंबर टिपून घेतो आणि बूथवर जाऊन तुझी खुशाली विचारतो. तुझी आठवण धारूरला इतकी येते हे मला माहीत नव्हतं.

आता तू म्हणशील, साऱ्या गल्लीचा फोन आला, तुमचा कावून नाही? मीही गेलो होतो. खाजामियाँनं विचारलं, "कुनाला लावू?" मी म्हणालो, "घरी." तो म्हणाला, "घर तर तुझ्या मागं हाय बे." मागं रांगेत लोक हसायला लागले. मी तसाच परत आलो. तुझं नाव मी घेतलंय ते एकदाच, लग्नात, बायकांनी दार अडवलं तेव्हा. आता या वयात बूथवर घेऊ?

लेकीला जप. मागच्या खेपेला दिवस गेले तेव्हा झालं ते तिच्याही मनात येऊ देऊ नकोस आणि तुझ्याही. तेव्हा ती तिथं एकटी होती, या वेळी तू आहेस. म्हणून मी इथं निर्धास्त आहे. तिथं महादेवाचं जुनं देऊळ आहे म्हणतात, जावईबापूंना घेऊन जाऊन ये.

शिवांजलीचे बाबा


धारूर
ता. ९ डिसेंबर २००४

शिवांजलीच्या आईस,

मोबाइल एकाएकी मुका झाला म्हणून घाबरली असशील. तो मीच बंद केला.

बिल आलं. आकडा लिहीत नाही, तुझं तिथलं जेवण कडू व्हायला नको. परदेशात येणारा फोनही फुकट नसतो म्हणे. "पोचलात का" म्हणून ज्यानं ज्यानं विचारलं, त्या सगळ्यांची चौकशी माझ्या खिशातून झाली. मंजुळाबाईंनी लेकीला काय खावंसं वाटतं ते सविस्तर विचारलं, तेही मीच भरलं. बिल घेऊन खाजामियाँकडे गेलो, तर तो स्क्रू पिळत खाली मान घालून बसला. म्हणाला, "फ्री म्हंजी आपल्याकडं फ्री. समंदराच्या पल्याड न्हाई. मला तरी काय म्हाईत? मी काय कधी गेलतो?" मंत्रिपदाचा राजीनामा घेतलाय त्याचा. पाटीवरचा नंबर पुसला, आता फक्त तांब्याचा भाव आहे.

जावईबापूंना सांगून तिथलं कार्ड घे. आणि मी जी युक्ती काढली आहे ती नीट ध्यानात ठेव. रोज दिवेलागणीला, आपल्या इथल्या दिवेलागणीला, दुकानाच्या फोनवर रिंग दे. दोनदा वाजली की काप. मी समजेन, माय-लेकी बऱ्या आहेत. मी उचलणार नाही. उचलला नाही म्हणजे मी बरा आहे असं तू समज. उचललाच, तर समज काहीतरी बिनसलंय. आणि तू कापलाच नाहीस, वाजतच राहिला, तर मी समजेन बाळ आलं, मग उचलीन. सगळं कळतं आणि कुणाला दमडी पडत नाही. हस खुशाल. कंजूष म्हण. पण तुझ्या कंजूष नवऱ्यासारखी युक्ती त्या टेलिफोनवाल्यांना सुचायची नाही.

दुकानात लगीनसराईची गर्दी आहे. बंकटच्या मुलीची भांडी नाव घालायला आली आहेत. परवा परातीवर नाव कोरताना अक्षरं काठावर चढली. बंकट म्हणाला, "भाऊ, नाव डोंगर चढाया लागलं की!" यंत्राची सुई बोथट झाली आहे, बदलायला हवी. आणि यंदा माशा फार. एक तर उजव्या डोळ्यासमोर सारखी घोंघावते, हाणायला गेलं की हाताला लागत नाही.

जेवणाची काळजी करू नकोस. खाजामियाँकडून हमीदाभाभी डबा पाठवतात. डब्यात गोडाचा कण नसतो. तू जाताना त्यांना काय सांगून गेलीस ते मला कळलंय.

शिवांजलीचे बाबा


धारूर
ता. २० डिसेंबर २००४

चि. रविराव यांस अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुमच्या ऑफिसच्या पत्त्यावर मुद्दाम पाठवतो आहे. वाचून फाडून टाका, घरी नेऊ नका. सासरा जावयाला असलं काही लिहितो का, असं वाटेल. पण मला दुसरं कुणी नाही.

माझ्या उजव्या डोळ्यात रक्त उतरलं आहे. मला वाटत होतं माशी आहे. मग माशीची जळमटं झाली आणि मागल्या आठवड्यात निम्मं दुकान दिसेनासं झालं. खाजामियाँनं धरून अंबाजोगाईला नेलं, तिथून औरंगाबादला पाठवलं. साखरेनं डोळ्याच्या आतला पडदा धरला आहे. जानेवारीत ऑपरेशन करावं लागेल. डॉक्टर बाई स्पष्ट बोलणारी आहे. म्हणाली, "काका, उशीर केला तर हा डोळा गेलाच म्हणून समजा, आणि दुसराही त्याच वाटेवर आहे." केलं तरी किती दिसेल याची हमी ती देत नाही.

म्हणजे नेमकं लेकीच्या दिवसांत. तुमच्या सासूबाईंना कळलं, तर त्या मिळेल त्या विमानानं निघतील. तुम्ही त्यांना अजून ओळखत नाही. आणि त्या निघाल्या तर शिवांजली पुन्हा एकटी पडेल. मागच्या वेळी ती फोनवर काही बोलली नव्हती, नुसती रडत होती. बाप म्हणून मला ते पुन्हा ऐकायचं नाही. एक डोळा गेला तर माणूस दुसऱ्यानं बघतो.

आता खरं काम. तुम्ही मागं लिहिलंत, की तिथं एक खरवडायचं कार्ड मिळतं, त्यावर चहाच्या पैशात कितीतरी वेळ बोलता येतं. शिवाय मी अंबाजोगाईच्या नेट कॅफेत जाऊन बसलो, तर कॉम्प्युटरवरून याहून स्वस्तात बोलता येईल. तुम्ही चांगल्या मनानं सुचवलंत. पण कृपा करून ते कार्ड घेऊ नका, आणि घेतलंत तर सासूबाईंना सांगू नका. पत्रात मला विचार करून लिहिता येतं. फोनवर त्यांनी माझं "हॅलो" ऐकलं तरी त्यांना कळेल. एवढी वर्षं त्यांच्यापासून मला मावशीच्या घरी खाल्लेला पेढासुद्धा लपवता आला नाही.

जन्मभर मी जिथं जाईन तिथं स्वस्त काय आहे ते शोधलं. तुम्हाला मात्र हात जोडून सांगतो, एवढा महिनाभर फोन महागच राहू द्या.

तुमचा,
वीरभद्र


धारूर
ता. ६ जानेवारी २००५

शिवांजलीच्या आईस,

हे अक्षर खाजामियाँचं आहे. अंगठ्याला पत्रा लागला आहे, थोडंसंच, पण पेन धरवत नाही. तो उर्दू शाळेत शिकलेला, तेव्हा काना-मात्रा सांभाळून घे.

तुझं पत्र मिळालं. माझ्या ओळी तिरक्या का जातात म्हणून विचारतेस. वीज नसते, कंदिलाच्या उजेडात लिहितो. डिसेंबरात कुठल्या आल्या माशा, असंही विचारतेस. आल्या त्या गेल्या. आता एकही दिसत नाही.

(वैनी, मी खाजामियाँ. हे मी माझ्या मनानं लिवतोय, त्याला दिसत न्हाई म्हनून लिवता येतंय. म्हंजी तो पान्याला उठलाय म्हनून.)

रविरावांनी स्वस्त कार्डाची चौकशी केली का, असं तू विचारलंस. त्यांनी लिहिलं होतं. मला ती कार्डं भरवशाची वाटत नाहीत. मधेच आवाज तुटतो, पैसे जातात. आपली रिंगच बरी. रोज दिवेलागणीला वाजते, मी ऐकतो. परवा दुकानात बंकट बसला होता. रिंग वाजली, तो उचलायला धावला. मी असा ओरडलो की हातातला तांब्याच पडला त्याच्या. तो म्हणतो, "वाजतुया तर उचलायचा न्हाई का? कुनीतरी अडचनीत असंल." त्याला काय सांगू, अडचणीत नाही म्हणूनच उचलायचा नाही.

पोचा पडलेला तो तांब्या मी तसाच ठेवला आहे. तू आल्यावर दाखवीन.

पुढच्या आठवड्यात मी माल आणायला औरंगाबादला जाणार आहे. चार दिवस जास्त लागतील. तू रिंग देत राहा, मला कळेल कसं ते विचारू नकोस. खाजामियाँनं व्यवस्था केली आहे, त्याला मंत्रिपद परत दिलं आहे.

(वैनी, हे येडं लई हट्टी हाय. माझ्याकडून कुरआनची शपथ मागत व्हता, मी म्हनलं तुझ्या असल्या कामाला कुरआन न्हाई. नुसता शब्द दिलाय. तो मोडत न्हाई. तुमी काळजी करू नका, पन दुआ करा. कशाची ते इचारू नका. हमीदा बी करतीया.)

लेकीचे पाय सुजत असतील तर मीठ कमी दे. रात्री तिला एकटी झोपू देऊ नकोस. तू तिथं आहेस एवढं एक माझ्या मनाला बरं वाटतं. बाकी घर फार रिकामं आहे. हे शेवटचं वाक्य खोड असं मी खाजामियाँला सांगितलं आहे.

(खोडत न्हाई.)

शिवांजलीचे बाबा


धारूर
ता. १२ फेब्रुवारी २००५

नीला,

अक्षर माझं आहे. ओळ एवढी मोठी आणि पानावर शब्द एवढे थोडे, म्हणून कागद वाया गेला असं वाटेल. वाटू दे. कागद मीच आणलाय.

रोज फोनवर बोलतो, मग पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर त्या दिवसाबद्दल नीट बोलणं झालंच नाही. तू रागावत होतीस, मी हूं हूं करत होतो. म्हणून सगळं सांगतो.

खाजामियाँनं दुकानाचा फोन त्याच्या मोबाइलवर वळवून घेतला होता. तू धारूरला रिंग द्यायचीस आणि ती औरंगाबादला माझ्या उशाशी वाजायची. ऑपरेशन झालं त्या दिवशीही वाजली, दोनदा, आणि थांबली. मला पालथं झोपवलं होतं, दोन्ही डोळ्यांना पट्टी, मान खाली. डॉक्टर बाई म्हणाली होती, तसंच पडून राहायचं, आतला पडदा चिकटायला हवा. त्या अंधारात मला वेळ कळायची ती फक्त तुझ्या रिंगेवर. वाजली की मनात म्हणायचो, चला, धारूरला दिवा लागला.

दुसऱ्या दिवशी खाजामियाँ मगरिबच्या नमाजाला गेला होता. मी एकटाच होतो. रिंग वाजली. दोनदा झाली. तिसऱ्यांदा झाली. मी म्हटलं, कापायचं विसरली. मग चौथ्यांदा वाजली. चाचपडून फोन हातात घेतला, पण बटण कुठलं ते सापडेना. तू थांबलीस, कापलं नाहीस. थांबलीस म्हणून बरं झालं.

मी वाक्य पाठ करून ठेवलं होतं. "हॅलो, मी दुकानातच आहे, सगळं ठीक, काय झालं?" असं एका दमात म्हणायचं. तुझा आवाज आला, "अहो, मुलगी झाली. दोघी बऱ्या हायत." आणि ते पाठ केलेलं सगळं कुठं गेलं देव जाणे. माझ्या तोंडून आलं, "नीला."

मग तू अगदी हळू विचारलंस, "कुठं हाय तुमी?"

मी म्हणालो, "दुकानात."

"दुकानात बसून माझं नाव घेतलंत?" तू म्हणालीस. "लग्नापासून घेतलं न्हाई ते? खरं सांगा, काय झालंया तुमाला? मरायला लागलात का?"

एवढे दिवस रचलेलं सगळं त्या एका शब्दापायी गेलं. जावयाला शपथा घातल्या, खाजामियाँला लिहायला बसवलं, फोन महाग म्हणून पत्रांवर पत्रं लिहिली, आणि शेवटी मीच सांगून बसलो. मागं ती चिमुरडी रडत होती, तू रडत होतीस, आणि मला रडायची मनाई होती, डोळ्याला पट्टी होती. शेजारच्या खाटेवरचा माणूस विचारत होता, "काय झालं, काका?" मी म्हणालो, "नात झाली."

तू उद्याच निघते म्हणालीस तेव्हा मी पहिल्यांदा तुझ्यावर ओरडलो. राग धरू नकोस. लेकीचा सव्वा महिना होऊ दे, मग ये. बोलता बोलता केवढा वेळ गेला, आणि ना तुला पैशांची आठवण झाली ना मला. नंतर कळलं की ते खरवडायचं कार्डच होतं. रविरावांनी माझं ऐकलं नाही, कार्ड घेऊन खिशात ठेवलंच होतं. जावई चांगला मिळाला आहे हे तुला एकदा म्हणालो होतो, आता दुसऱ्यांदा म्हणतो.

आता डोळ्याचं खरं खरं सांगतो, लपवत नाही. उजव्यानं फोडणीच्या धुरातून बघावं तसं दिसतं. आणखी थोडं उघडेल असं बाई म्हणाली, पण पहिल्यासारखं होणार नाही. डावा वाचला आहे, त्याला लेसरचे किरण दिले. सायकल बंद. बारीक कोरीव काम बंद. बंकटची उरलेली भांडी त्यानं तशीच नेली. म्हणाला, "पोरीला नाव ठावं हाय तिचं."

रविरावांनी पाठवलेला फोटो खाजामियाँनं अंबाजोगाईहून छापून आणला. तो म्हणतो नाक वैनींचं आहे. मला अजून नाक दिसत नाही, पण कपाळ दिसतं आणि डोक्यावर भरपूर केस दिसतात. ते नक्की तुझ्याकडचे.

एक काम मात्र मी शेवटचं म्हणून केलं. बाळासाठी चांदीची वाटी आणली. तिचं नाव अजून ठरलेलं नाही, तेव्हा खाली देणाऱ्यांचं कोरायचं. पद्धत तुला माहीत आहे, श्री. व सौ. म्हणून नवऱ्याचं नाव घालतात, बायकोचं त्यातच आलं. खाजामियाँनं बॅटरी धरली आणि मी "नीला" कोरलं, मग "वीरभद्र". अक्षरं काठावर चढली आहेत. पुसून पुन्हा करता आलं असतं, मी केलं नाही.

आता एक मागणं आहे. संध्याकाळी तुझा फोन येतो तेव्हा दुकानात गिऱ्हाईक असतं, मंजुळाबाई तर मुद्दाम लोट्याचा भाव विचारायला त्याच वेळेला येतात. त्यांच्यासमोर मला तुझं नाव घेता येत नाही. नुसतं "हं, बोल" म्हणतो, आणि तू विचारतेस की एवढंच का. मी जुने नियम केले होते ते सगळे मोडीत काढ, हा एकच नवा ठेव. मी "हं, बोल" म्हणालो की त्यात तुझं नाव आहे असं समज, आणि कापू नकोस.

तुझा,
वीरभद्र